कच्च्या आवृत्तीची दिवाळी

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याने काल दारावर पाटी लावली: 'आजपासून दुपारी फक्त भाजणी.' म्हणजे आता दिवाळीपर्यंत गहू-ज्वारीला सकाळचीच वेळ. दुपारी भाजलेल्या डाळ-तांदळाचा आणि धण्यांचा वास घाटकोपरच्या या अरुंद गल्लीत असा भरून राहतो की तिसऱ्या मजल्यावर खिडकी लावून बसलं तरी तो घरात येतो. बाहेर रिक्षाची सीट चटका देते, घरात पंखा गरम हवाच फिरवत बसतो, आणि तरीही माझं मन उगाचच खूश असतं. ऑक्टोबरच्या उकाड्याबद्दल चांगलं बोलणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. मी बोलते. हा माझा आवडता ऋतू आहे आणि त्याला कारण एक अर्धवट झालेलं ॲप आहे.

गिरणीच्या रांगेत उभी असतानाच सुहासचा मेसेज आला. 'नवी टेस्ट आवृत्ती तयार आहे. लोकांना सांगायचं का?' दर वर्षी भाजणीच्या सुमारास हा प्रश्न येतो. मी पिठाचा डबा या हातातून त्या हातात घेतला आणि उत्तर न देता फोन पर्समध्ये टाकला. त्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं, आणि मला मात्र आधी आमचा तो पहिला ऑक्टोबर आठवतो.

तेव्हा आम्ही तिघं होतो. सुहास अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर, मी भाषांतराची कामं करणारी, आणि ग्लेंडा मरोळ गावातल्या शाळेत लहान मुलांना शिकवणारी. शनिवारी सुहासच्या ऑफिसातली एक खोली रिकामी असायची. मी घाटकोपरला मेट्रोत बसायची, मरोळला ग्लेंडा चढायची, चकाल्याला दोघी उतरायचो. त्या खोलीत आम्ही 'कानोसा' बनवत होतो. फोन छापील पानासमोर धरायचा, फोटो काढायचा, आणि फोनने ते पान मराठीत वाचून दाखवायचं. दृष्टी नसलेल्यांसाठी, फुकट, इंटरनेटशिवाय चालणारं. शिवाय ते मुक्त सॉफ्टवेअर होतं, म्हणजे त्याचं पोट सगळ्यांसाठी उघडं. ज्याला कळतं त्याने आत डोकवावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी, हवं तर स्वतःचं वेगळं बनवावं. मोठ्या कंपन्यांची अशी ॲप्स होती की. पण मराठी वाचताना त्यांचा सूर असा असायचा, जणू कुणीतरी त्यांना शिक्षा म्हणून वाचायला बसवलंय.

आमच्या ॲपचा आवाज ग्लेंडाचा. सगळा उन्हाळा आणि पावसाळा तिने आपल्या मरोळच्या घरात, पंखा बंद करून, खिडकीवर गोधड्या टांगून वाक्यंच्या वाक्यं वाचली. विमानतळ जवळच. विमान गेलं की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. "ह्या विमानवाल्यांना माझी सगळी वाक्यं पाठ झाली असतील बघ," ती म्हणायची. घामाने निथळत ती हसायची आणि पुढचं वाक्य घ्यायची. ती रेकॉर्डिंगं आजही ऐकली तर एखाद्या वाक्याच्या शेवटी दूरची घरघर ऐकू येते. ती काढून टाकायला आम्हाला जमलं नाही, आणि नंतर वाटलंही नाही.

आणि पावसकर सर. मुलुंडच्या शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली, निवृत्तीनंतर तर पूर्णच. तेव्हा त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, त्यांना दुपारी वाचून दाखवायच्या. वर्तमानपत्र, पत्रिका, विजेचं बिल, आणि दिवाळीनंतर दिवाळी अंक. सरांना तक्रार करायची नसायची, पण ती तोंडातून निसटायचीच.

"ही वर्णनं गाळते," ते म्हणाले होते.

"पानभर नुसती संध्याकाळच असते हो," काकू आतून म्हणाल्या. "काय काय वाचू?"

"मला तीच हवी असते," सर म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, जरा हळू: "मेघना, मला एक दिवाळी अंक माझा मला वाचायचाय. पहिल्या पानापासून. मध्ये कुणी नको."

काकूंनी ते ऐकलं असणार. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. त्यांच्या प्रेमात काही कमी नव्हतं आणि सरांनाही ते पुरतं ठाऊक होतं. पण माणसाला वाचताना एकटं असावंसं वाटतं, हे ज्याला वाचायचं वेड आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या ऑक्टोबरात कानोसाची पहिली कच्ची आवृत्ती तयार झाली आणि आमच्यात भांडण सुरू झालं. सुहासचं म्हणणं, मोजक्या पाच-सात जणांना द्यायची आणि बाकी कुठेही अवाक्षर काढायचं नाही. फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाला पक्की आवृत्ती, छोटासा कार्यक्रम, तेव्हा काय तो गाजावाजा.

"लोक एकदाच इन्स्टॉल करतात यार," तो म्हणायचा. "पहिल्या दिवशी बंद पडलं की काढून टाकतात आणि परत फिरकत नाहीत. आणि कुणी औषधाची बाटली समोर धरली आणि आपण चुकीचं वाचलं तर? जबाबदारी कोण घेणार, तू?"

"सांगितलंच नाही तर चुका कळणार कशा?" मी म्हणायची. "आपण तिघंही डोळस. डोळे मिटून टेस्ट करतो आणि अडलं की उघडतो."

"म्हणून तर पावसकर सर आहेत ना यादीत."

"एक सर?"

ग्लेंडा दोघांनाही हो म्हणायची. मग मी तिच्यावर चिडायची आणि ती पिशवीतून केळ्याचे वेफर्स काढायची. खरं सांगायचं तर माझंही मन पक्कं नव्हतं. आपण ज्यांच्यासाठी बनवतोय त्यांच्याच हातात धड नसलेली गोष्ट द्यायची, आणि वर ती चांगली आहे म्हणून ओरडायचं, हे मलाही कुठेतरी खटकायचं.

एकदा सुहास आमच्या घरी आला होता. आई चकल्या करत होती. नैवेद्याचं काही चाखायचं नसतं म्हणून वरणाचं मीठसुद्धा ती वासावर ठरवते. पण चकलीचं तसं नाही. पीठ मळलं की ती एकच चकली तळते. ती तेलात हसली, म्हणजे फुटून पसरली, तर मोहन जास्त झालंय. कडक आली तर कमी. त्या दिवशी तिने ती पहिली चकली बशीत घालून माझ्या हातात दिली. "शाहबेनला देऊन ये. सांग, ट्रायलची आहे."

"घरात देत का नाही?" सुहासने विचारलं.

"घरचे चांगलीच म्हणतात."

"काकू, पण चकली खाऊन कुणी एक स्टार देत नाही."

"देतात की," आई म्हणाली. "तोंडावर देतात."

समोरच्या शाहबेननी चकली मोडली, खाल्ली, आणि "थोडी कठण छे," म्हणून बशी परत केली. आईने पिठात चमचाभर कडकडीत तेल घातलं. मी सुहासकडे अर्थपूर्ण बघितलं. तो म्हणाला, "बघू नकोस. शाहबेन एक आहेत. तुझ्या आईने गच्चीवर जाऊन सगळ्या घाटकोपरला ओरडून सांगितलं नाही." आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. दारात बशी नेऊन देणं वेगळं आणि गच्चीवरून ओरडणं वेगळं. आमचा सगळा प्रश्न त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होता, आणि चकलीने तो सुटला असं म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक झाली असती. चकल्या मात्र त्या वर्षी फार सुरेख झाल्या.

शेवटी सुहासचंच ठरलं. पाच-सात जणांना ॲप गेलं, सोबत मी लिहिलेली सूचना: कृपया पुढे पाठवू नये.

वसुबारसेच्या सकाळी सुहासचा फोन. आवाज चिरका. "वाट लागली. कुणीतरी फोडलंय." कानोसा एका दिवसात राज्यभर पसरलं होतं. कोल्हापूर, लातूर, कुडाळ, कुठून कुठून. तक्रारींचा पाऊस पडत होता. फोडणारा शोधायला वेळ लागला नाही, कारण त्याने लपवलंच नव्हतं. दृष्टिहीन मित्रांच्या एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसकर सरांनी स्वतःच्या भरदार आवाजात, शाळेत शिकवायचे तसं, ॲप कुठून घ्यायचं आणि कसं लावायचं ते समजावून सांगितलं होतं.

आम्ही तडक मुलुंडला गेलो. सर पलंगावर बसले होते, मांडीवर एक कोरा दिवाळी अंक. कोरा म्हणजे अजून पानं चिकटलेला. त्याच्यावरून ते बोटं फिरवत होते.

"सर, आम्ही पुढे पाठवू नका म्हटलं होतं," सुहास म्हणाला. तो रागावला होता, पण त्याहून जास्त दुखावला होता.

"म्हटलं होतंत. मी पाठवलं. सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय, कच्चं आहे, मध्येच बंद पडतं, औषधांना वापरू नका."

"फेब्रुवारीत आम्ही नीट..."

"सुहासराव," सर म्हणाले, "दिवाळी अंक दिवाळीत वाचायचा असतो. फेब्रुवारीत तो रद्दीत गेलेला असतो. तुमचं पक्कं होईपर्यंत थांबायला माझी ना नाही, पण माझ्या ग्रुपात माझ्याहून म्हातारे लोक आहेत. आणि तुम्हाला काय वाटतं, आम्हाला अर्धवट गोष्टींची सवय नाही? स्टेशनवरची घोषणा अर्धी ऐकू येते. लिफ्टच्या बटणांवर ब्रेलचे ठिपके असतात, ते निम्मे झिजलेले. आम्ही चालवून घेतो. फक्त आम्हाला कुणी विचारत नाही, चालेल का म्हणून."

काकूंनी सगळ्यांच्या हातात करंज्या दिल्या आणि तेवढ्यापुरतं भांडण थांबलं. माझ्या मनात सरांबद्दल राग होता आणि अभिमानही होता, आणि दोन्ही एकदम घेऊन करंजी खाणं अवघड जातं.

तो आठवडा मी विसरणार नाही. तक्रारी बहुतेक आवाजातच यायच्या. लातूरचे एक गृहस्थ म्हणाले, गोष्टीतली नायिका रडत असताना मध्येच तुमचं ॲप मसाल्याची जाहिरात वाचतं, आणि मग नायिका पुन्हा रडायला लागते. दिवाळी अंकातलं पान दोन रकान्यांचं असतं, मध्ये चित्र, कोपऱ्यात जाहिरात. आम्ही आजवर तपासलेली सगळी पानं आम्हीच टाइप करून, ऑफिसच्या प्रिंटरवर छापून, ट्यूबलाइटखाली टेबलावर सरळ ठेवलेली. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात कधी दिवाळी अंक आला नव्हता. सरांनी तर महिनोन् महिने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

लोकांनी अडलेल्या पानांचे फोटोही पाठवले. पान तिरकं. अर्ध्या पानावर अंगठा. अर्धं पान आणि अर्धी फुलाफुलांची चादर. एकात नुसतं शंकरपाळ्यांचं ताट, पानाचा एक कोपरा फक्त. दृष्टी नसलेल्या माणसाने काढलेला फोटो असाच असणार, हे ऐकायला किती सोपं आहे. आमच्याकडचं एकही पान कधी तिरकं नव्हतं.

सगळं गोड नव्हतं. कोल्हापूरच्या एक बाई म्हणाल्या, "वाचणारी ताई फार घाईत आहे, तिला म्हणावं जरा श्वास घे," त्यावर ग्लेंडा पोट धरून हसली. पण सरांच्या त्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ही कोण बाई, हिचं मराठी मराठीच वाटत नाही, बदला आवाज. ते तिने वाचलं आणि फोन उपडा ठेवला. तिच्या घरातली पिढ्यान् पिढ्यांची भाषा ती. मरोळमध्ये भातशेती होती तेव्हापासून तिचे लोक तिथे आहेत. मला त्या क्षणी वाटलं, सुहास म्हणत होता तेच बरोबर. जगाला दार उघडून दिलं की हेही आत येतं, आणि ते आपल्या नाही, ग्लेंडाच्या वाट्याला आलं. अजूनही त्या बाजूने बोलायचं झालं तर मला तेच आठवतं.

संध्याकाळी सरांचा आवाज त्या ग्रुपवर आला. राग नव्हता, वर्गात कुणी चूक उत्तर दिलं की असायचा तो शांत सूर. "ज्यांचा आवाज आपण ऐकतोय त्या बाई मरोळच्या. आपण मुंबईत आलो त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे लोक इथे आहेत. उन्हाळाभर पंखा बंद करून त्यांनी आपल्यासाठी वाचलंय. मला त्यांचा आवाज आवडतो. कुणाला आवडत नसेल तर त्याने गोधडी टांगून बसावं आणि स्वतः वाचावं." ग्लेंडाने ते तीनदा लावलं. मग म्हणाली, "खरंच मी एवढी घाईत बोलते का गं?" मी हो म्हटलं. त्या शनिवारी ती स्वल्पविरामाशी थांबत वाक्यं पुन्हा वाचायला बसली.

सुहासने ॲप काढून घ्यायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. त्याने नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन, दोन्ही दिवस रकान्यांच्या मागे घालवले. एका अनोळखी मुलीने, नाशिकहून, जाहिरातींच्या चौकटी ओळखण्याचा थोडा कोड लिहून पाठवला. आमचं पोट उघडं असल्याचा तो पहिला उपयोग. तरी सुहास हटेना. "हे सगळं फेब्रुवारीतही कळलं असतं."

"फेब्रुवारीत दिवाळी अंक कुठून आणणार होतास?"

त्यावर त्याने मला कामाला लावलं.

त्यानंतर इतक्या दिवाळ्या गेल्या. आज कानोसाची पक्की आवृत्ती आहे, बरीच माणसं ती वापरतात, आणि सर अजूनही पहिली तक्रार करण्याचा मान सोडत नाहीत. पण दर ऑक्टोबरात सुहास विचारतो आणि दर ऑक्टोबरात मी अडखळते. लपवून ठेवलं तर आपण आपल्याच सरळ पानांवर खूश राहतो. जाहीर केलं तर कुणाच्या तरी ग्लेंडाला काहीतरी ऐकावं लागतं. शाहबेनच्या दारात बशी घेऊन जावं तसं जगाला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आज दुपारी मी त्याला मजकूर लिहून पाठवला. 'हे अर्धवट आहे. बंद पडेल. औषधाची बाटली याच्या भरवशावर वाचू नका. गोष्टी वाचा, आणि काय बिघडलं ते आम्हाला सांगा.' एवढंच. हे ओरडणं आहे की दार वाजवणं, मला अजून ठरवता येत नाही. त्या पहिल्या वर्षीच्या भाऊबीजेला मी मुलुंडला होते म्हणून दर वर्षी शेवटी मी सांगायच्या बाजूने कौल देते.

त्या भाऊबीजेची दुपार होती. सुहासने नव्या दुरुस्त्या सरांच्या फोनवर चढवल्या होत्या. काकूंनी फराळाचे दोन डबे एकावर एक ठेवून त्यावर फोन टेकवायची सोय केली होती. सरांनी खाली अंक उघडला, कडा चाचपून सरळ केला, आणि फोटो काढला. फोनने जरा विचार केला. मग ग्लेंडाचा आवाज आला, स्वल्पविरामाशी थांबणारा. एक विनोदी कथा होती. रकाने जागच्या जागी राहिले, मसाला आला नाही. सर मान थोडी कलती करून ऐकत होते. काकू दारात उभ्या, पदराला हात पुसत.

आणि सर हसले. मोठ्याने, पोटातून, एकटेच. आम्ही कुणी त्या वाक्याकडे लक्ष दिलेलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला कळलंच नाही काय झालं ते.

काकू माझ्या जवळ येऊन कुजबुजल्या, "हे माझ्याआधी हसले." मला नीट समजलं नाही हे बघून म्हणाल्या, "अगं, वाचताना विनोद आधी मला कळतो ना. मी हसू दाबते, ते त्यांना आवाजात कळतं, आणि मग ते माझ्यासाठी हसतात. इतकी वर्षं असंच चाललंय." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

कथा रंगात आली होती. शेवटाला चार ओळी उरल्या असतील, आणि ॲप बंद पडलं. फोन गप्प. सुहासचा चेहरा पडला. "सर, द्या इकडे, एका मिनिटात करतो," म्हणत त्याने फोनकडे हात नेला. त्याच वेळी काकूंनी सवयीने चष्मा लावला आणि अंक उचलायला वाकल्या.

सरांनी अंकावर पंजा ठेवला. दुसऱ्या हाताने चाचपत फोन शोधला, ॲप पुन्हा सुरू केलं, आणि ते पान पहिल्या ओळीपासून वाचायला लागलं.

"थांबा दोघंही," ते म्हणाले. "मी वाचतोय."